गेनू तापकीर आणि टीव्हीवरचा कोंडिबा

गेनू तापकीर टीव्हीवर मेला, तेव्हा तो स्वतः चऱ्होलीत साहेबराव सरपंचांच्या पडवीत मांडी घालून बसला होता, पुढून तिसऱ्या ओळीत. बायकांच्या बाजूला त्याची बायको सगुणाबाई आणि मुलगी रंभा. साल एकोणऐंशी, गहू काढणीला आलेले. गावातला तो पहिलाच टीव्ही. घरावर उंच पाइप रोवून अँटेना चढवलेली, आणि संध्याकाळ झाली की निम्मं गाव पडवीत यायचं.

हे मरण कसं ओढवलं ते सांगायचं, तर आधी गेनूचं काम सांगायला हवं.

भोसरीच्या माळावर कारखाने उठायला लागले तेव्हा, म्हणजे चौसष्टच्या सुमारास, गेनू बावीस वर्षांचा होता. लोखंड कातायची लेथ मशीन तयार करणाऱ्या एका कंपनीत तो हमाल म्हणून लागला. लेथचा ओतीव लोखंडाचा लांब पाया असतो, त्याला बेड म्हणतात. ते बेड गाड्यावर चढवायचे आणि उतरवायचे, एवढंच काम. पण गाडा थांबला की गेनू बेडवरून हात फिरवत उभा राही. जित्राबाच्या पाठीवरून फिरवावा तसा. ते मारुतराव मिस्तरींनी पाहिलं.

मारुतराव चाकणजवळच्या कडाचीवाडीचे. मुंबईच्या एका वर्कशॉपात अनेक वर्षं काढून आलेले, बारीक अंगाचे, मोजकं बोलणारे. स्क्रेपिंग खातं त्यांच्या हाताखाली होतं. त्यांनी गेनूला विचारलं, "काय लागतंय हाताला?"

"हितं जरा चढ हाय," गेनू म्हणाला.

मारुतरावांनी सपाट पट्टीला निळा रंग लावला आणि ती बेडवर अलगद घासली. गेनूनं बोट ठेवलं होतं तिथंच निळा ठिपका उमटला. दुसऱ्या दिवसापासून गेनूचा गाडा सुटला.

स्क्रेपिंगचं काम सांगायला सोपं. बेडच्या अंगावरच्या दोन लांब पट्ट्यांवरून लेथचा वरचा भाग मागेपुढे सरकतो, म्हणून त्या आरशासारख्या सपाट लागतात. मशीनवर छिलून आल्या तरी त्यांत नजरेला न दिसणारे उंचवटे राहतात. मग रंग लावायचा, जिथं ठिपका उमटेल तिथं हातातल्या पात्यानं लोखंड खरवडायचं, पुसायचं, पुन्हा रंग, पुन्हा खरवडणं. एका बेडला आठ दिवस लागत. पातं कमरेला टेकवून सगळ्या अंगानं रेटावं लागे. पहिलं वर्षभर गेनूच्या कमरेवर काळानिळा वळ होता.

"रंग सांगतो तेवढंच ऐकू नको," मारुतराव म्हणायचे. "बोट लाव. करंगळी. बाकीची बोटं काम करून बधिर झालेली असत्यात."

दहा-बारा वर्षांत गेनूची करंगळी अशी तयार झाली, की तिच्यापुढं मोजमापाचं यंत्र आणावं तर दोघांचं एकच उत्तर यायचं. खात्यात अठरा माणसं होती आणि मिस्तरींच्या खालोखाल गेनूचं नाव होतं.

जेवणाच्या सुट्टीत प्लॅनिंग खात्यातले शरच्चंद्र आगटे कधीकधी त्याच्याजवळ येऊन बसत. चिंचवडला राहणारे, चष्मा लावणारे, कंपनीच्या स्नेहसंमेलनासाठी दरसाल एकांकिका लिहिणारे. ते गेनूला खूप विचारत. पातं कसं धरता, घरी गेल्यावर हात दुखतो का, स्वप्नात बेड दिसतो का. गेनूला त्याची मौज वाटायची. "आगटेसाहेब, सपनात म्हस दिसती," तो म्हणायचा. आगटे तेही लिहून घेत.

सत्त्याहत्तर साली जर्मनीहून ग्राइंडिंग मशीन आलं. एखाद्या बोगीएवढं लांब. त्यासाठी शेडची एक भिंत पाडून पुन्हा बांधावी लागली. बेड त्यावर चढवला, बोल्ट आवळले आणि बटण दाबलं, की दगडी चाक फिरत पुढंमागं जायचं. आठ दिवसांचं काम एका शिफ्टमध्ये उरकायचं. ज्या दिवशी पहिला बेड त्यावरून उतरला त्या दिवशी स्क्रेपिंग खात्यातली अठरा माणसं त्याच्याभोवती गोळा झाली. मारुतरावांनी एकदाच करंगळी फिरवली आणि हात पुसला.

कंपनीनं कुणाला काढलं नाही. तरुणांना इतर खात्यांत वाटून दिलं आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना स्वखुशीनं निवृत्ती घ्या असं सांगितलं. मारुतरावांनी सही केली. शेवटच्या दिवशी त्यांनी आपली पाती तेलानं पुसली, खाकी कापडात गुंडाळली. हार झाला, चहा झाला. त्यांना गेटपर्यंत पोचवायला गेनू निघाला होता, पण तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं, आणि तो नव्या मशीनकडं गेला.

बोलावणं का आलं होतं, तर ग्राइंडिंगवरून उतरलेले बेड वाकडे निघत होते. मशीनवर असताना मोजावं तर सपाट, खाली उतरवलं की मधोमध पोक आलेलं. इंजिनीअर लोक चाक तपासत होते. गेनूनं दोन दिवस नुसतं पाहिलं. मग तो म्हणाला, "साहेब, चाकाचा दोष न्हाई. बेड आवळताना तुमी त्याला दाबून सरळ करताय. सुटला की त्यो पुन्हा आपल्या अंगावर जातोय." त्यानं बेडखाली कुठं पातळ पत्रा घालायचा आणि कोणता बोल्ट आधी, कोणता नंतर, किती आवळायचा ते हातानं ठरवून दाखवलं. बेड सपाट उतरला. पुढच्या महिन्यापासून गेनू त्या मशीनवरच लागला.

आगट्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांची आधीच पुण्याच्या ऑफिसात बदली झाली होती. दीड वर्षानं त्यांचं कार्ड आलं. 'येत्या बुधवारी टीव्हीवर माझे नाटक आहे, नाव सपाट. तुमच्यावरून सुचले. अवश्य पाहावे.' गेनूनं ते कार्ड साहेबरावांना दाखवलं, साहेबरावांनी गावाला. त्यामुळं बुधवारी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती.

पडद्यावर एक हडकुळा माणूस आला. नाव कोंडिबा. त्यानं पातं काखेत धरलं होतं, तसं कुणी धरत नाही. गेनूला हसू आलं. पण मग त्या माणसानं मनगटाच्या मागच्या बाजूनं घाम पुसला, लोखंडावर करंगळी फिरवली आणि शेजारच्याला सांगितलं, "सपनात म्हस दिसती." पडवी हसली. सगळ्यांनी वळून गेनूकडं पाहिलं. गेनूला आपलंच अंग परकं वाटलं.

पुढं मशीन आलं. कोंडिबाचं काम गेलं. तो घरी आला, ओसरीवर घोंगडी टाकून बसला आणि बोलेनासा झाला. कुणी काही विचारलं तरी घोंगडीवरून करंगळी फिरवत राही. पडवीतलं हसणं थांबलं. एक दिवस फिरणारा हात थांबला. कोंडिबाच्या बायकोनं त्याचा हात उचलून पाहिला, खाली ठेवला, आणि कपाळावरचं कुंकू पुसलं. मग अक्षरं आली. नाटक संपलं.

सगुणाबाई त्याआधीच उठली होती. रंभेचा हात धरून ती भरल्या पडवीतून वाट काढत बाहेर पडली. गेनू घरी पोचला तेव्हा ती चुलीपाशी बसली होती, चूल विझलेली.

"अवं, माझं कुंकू पुसलं त्यांनी," ती म्हणाली. "समद्या गावाम्होरं."

"ती नटी हाय. तिचा नवरा असंल की मुंबईला धडधाकट."

"आसंल. कार्ड तुमच्या नावाचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनूची चुलती गवराबाई पदराखाली पिठलं-भाकरी घेऊन आली, दुखवट्याच्या घरी नेतात तशी. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. टीव्हीवरचं नुसतं ऐकून ती रडत घरी गेली होती. गेनूची दुपारची शिफ्ट असल्यानं तो घरीच होता. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं आणि म्हणाली, "हाईस न्हवं रं बाबा."

"हाय की, काकी."

ती बसली, पाणी प्याली, पण भाकरी परत नेली नाही.

त्यानंतर गावाची नजरच बदलली. सायकल काढली की कुणीतरी विचारायचं, "कामाला? अजून चाललंय का काम?" गेनू सांगायचा, मी त्याच मशीनवर आहे, मीच ते चालवतो. लोक मान डोलवायचे, आणि त्या डोलवण्यात कीव असायची. जे डोळ्यांनी पाहिलं ते खरं, गेनू सांगतो ते लाजेपोटी, असा त्यांनी हिशेब लावला होता. मग पुनावळ्याहून निरोप आला. रंभेची सोयरीक तिथल्या दादू ढवळ्यांच्या मुलाशी जवळजवळ ठरली होती. मध्यस्थ म्हणाला, "ढवळे म्हनत्यात, जरा थांबू."

गेनूची सुट्टी गुरुवारी आणि आगट्यांची रविवारी. म्हणून गेनूनं एक रजा टाकली आणि रविवारी सकाळी चिंचवडला आगट्यांचं घर गाठलं. आगटे खुशीत होते. टीव्हीवर नाटक आल्यापासून त्यांना पत्रं येत होती.

"पाहिलंत ना? कसं वाटलं?"

"चांगलं केलंत. पातं धराया चुकला त्यो," गेनू म्हणाला. मग म्हणाला, "आगटेसाहेब, एक काम हाय. तुमी माझ्यासंगं पुनावळ्याला चला."

"कशाला हो?"

"मी मेलो न्हाई म्हनून सांगाया."

आगट्यांच्या पत्नी अरुंधतीबाई चहाचे कप ठेवत होत्या. त्यांना हसू फुटलं, पण गेनूच्या चेहऱ्याकडं पाहून त्या खुर्चीवर बसल्या. गेनूनं सगळं सांगितलं. सगुणेचं, काकीचं, रंभेचं. आवाज चढवला नाही. मशीनवर तो स्वतः काम करतो हे आगट्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"पण गेनूभाऊ, ते नाटक आहे. कोंडिबा म्हणजे तुम्ही नाही."

"मग करंगळी कुनाची? म्हस कुनाची?"

"ती तुमची," आगट्यांनी कबूल केलं. चष्मा काढून ते बराच वेळ पुसत राहिले. "पण माणूस मारुतराव मिस्तरी. त्यांनी कंपनी सोडली त्या दिवशी मी कागद द्यायला भोसरीला आलो होतो, गेटवर उभा होतो. त्यांनी पास दिला, वॉचमनला रामराम घातला, आणि बाहेर पडायचं सोडून पुन्हा आत वळले. वॉचमन म्हणाला, मिस्तरी, इकडं. ते चार पावलं बाहेर गेले आणि पुन्हा आत वळले. असं दोनदा झालं. एवढंच मी पाहिलं. बाकीचं रचलं."

"आनि मरन?"

"तेही रचलं. नाटकाला शेवट लागतो."

गेनू कपाकडं पाहत राहिला. त्या दिवशी गेटवर कोण होतं हे त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं. "मिस्तरी कसं हायती आता?" त्यानं विचारलं.

"मला कसं ठाऊक असणार?" आगटे म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही जात असाल."

गेनू त्या दीड-दोन वर्षांत एकदाही गेला नव्हता.

दोघं आगट्यांच्या स्कूटरवरून पुनावळ्याला गेले. दादू ढवळे गोठ्यात होते. आगट्यांनी हात जोडून सांगितलं की नाटक माझं आहे, त्यातलं मरण माझ्या मनचं आहे, आणि गेनूभाऊंची नोकरी शाबूत आहे. दादूंनी ऐकून घेतलं.

"नोकरीचं न्हाई हो," ते म्हणाले. "नोकरी जाती, येती. मला भ्या वाटलं ते निराळं. मानूस असा बोलंना झाला तर पोरीला म्हायेर काय ऱ्हायलं? माझा थोरला भाऊ असाच बसून असायचा. पुण्याला हातमागावर व्हता, माग बंद पडलं तवापास्नं." आणि मग आगट्यांकडं वळून, "तुमाला त्ये कुनी सांगितलं, घोंगडीवर हात फिरवायचं?"

"कुणी नाही."

"आमचा भाऊ तांब्यावर फिरवायचा," दादू म्हणाले, आणि पाहुण्यांना गूळपाणी द्यायला घरात ओरडून सांगितलं. रंभेचं लग्न वैशाखात लागलं.

पण त्याआधी, पुनावळ्याहून आल्यावरच्या पहिल्याच गुरुवारी, गेनू एसटीनं चाकणला उतरला आणि कडाचीवाडीची वाट चालू लागला. वाटेत त्यानं तीनदा ठरवलं की मागं फिरावं. मारुतरावांचं घर सापडलं तेव्हा त्यांच्या पत्नी छबूबाई अंगणात कांदे पसरत होत्या. त्यांनी ओळखलं आणि ओसरीकडं बोट केलं.

मारुतराव विळ्याला धार लावत बसले होते. वाडीतल्या सगळ्या घरांचे विळे-कोयते त्यांच्याकडं येत. केस पांढरे झाले होते, एवढाच फरक.

"बस," ते म्हणाले.

गेनू बसला. पाऊसपाणी, कांदा, रंभेची सोयरीक, सगळं बोलून झालं. मग मारुतराव म्हणाले, "टीव्हीत काहीतरी लागलं व्हतं म्हन स्क्रेपिंगचं. हितं टीव्ही न्हाई. काय व्हतं सांग."

गेनूनं सांगायला सुरुवात केली. पातं काखेत धरलेलं सांगितलं तेव्हा मारुतरावांनी नाक मुरडलं. मशीन आलं, काम गेलं, कोंडिबा घरी बसला, इथपर्यंत त्यानं नाटकातलंच सांगितलं. आणि मग स्वतःलाही न कळता तो दुसरंच बोलू लागला. कंपनीचे साहेब कोंडिबाच्या घरी आले. म्हणाले, मशीन बिघडलंय, तुमच्याशिवाय कळत नाही. कोंडिबा उठला, टोपी घातली, आणि गेला.

मारुतराव विळ्यावरून अंगठा फिरवत होते. "आसं न्हाई त्ये," ते म्हणाले. "चाकणच्या बाजारात एकानं सांगितलंय मला. मरतो त्यो."

"व्हय. मरतो."

"मग बदललंस का?"

"मला आवडलं न्हाई."

"मलाबी न्हाई आवडलं," मारुतराव म्हणाले, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात बारीक हसू आलं.

गेनूला तेवढा धीर पुरला. "मिस्तरी, त्या दिशी मी गेटापत्तुर आलो न्हाई."

"साहेबानं बोलिवलं तुला. मी पाहिलं की."

"तरीबी."

मारुतरावांनी विळा बाजूला ठेवला. "कशाला बोलिवलं व्हतं?"

मग गेनूनं वाकड्या बेडांचं सांगितलं. पोक, पत्रे, बोल्टांचा क्रम. मारुतराव पुढं सरकून बसले. मधला बोल्ट आधी का, उजवीकडचा का नाही, पत्रा किती जाडीचा, उन्हाळ्यात फरक पडतो का, असं त्यांनी इतकं खोदून विचारलं की छबूबाई दोनदा जेवायला बोलावून गेल्या. उठताना गेनूनं त्यांच्या पायांना हात लावला. त्यानंतर महिन्यातला एक गुरुवार तो कडाचीवाडीला जायचा, आणि सगुणाबाई त्याच्याबरोबर चटणी, पापड असं काहीतरी बांधून द्यायची.

एक्याऐंशी साली ते जर्मन मशीनच झिजलं. ज्या पट्ट्यांवरून त्याचं दगडी चाक पुढंमागं सरकायचं त्याच खाली बसल्या होत्या. परदेशातून माणूस यायला पाच महिने लागणार होते. मशीनच्या पट्ट्या ग्राइंड करायला त्याहून मोठं मशीन कुठून आणायचं? गेनू साहेबांच्या केबिनमध्ये गेला. त्या जागच्या जागी हातानं स्क्रेप कराव्या लागतील, असं त्यानं सांगितलं. "एवढ्या लांबीचं मी एकट्यानं केलेलं न्हाई. मारुतराव मिस्तरींनी केलेलं हाय. त्यांना बोलवा." साहेब नवे होते, त्यांना नाव ठाऊक नव्हतं. गेनू म्हणाला, "गाडी पाठवा. एसटीनं नगा बोलवू."

कंपनीची जीप कडाचीवाडीला गेली. मारुतराव खाकी गुंडाळी काखेत घेऊन आले आणि बारा दिवस राहिले, रात्री गेनूच्या घरी चऱ्होलीला. पहिले दोन दिवस त्यांचा दम टिकत नव्हता. गेनू खरवडायचा, ते रंग पाहायचे. तिसऱ्या दिवसापासून ते स्वतः पातं कमरेला लावून उभे राहिले. शिकाऊ कामगार जेवणाची सुट्टी सोडून भोवती उभे राहू लागले. एक दिवस आगटेही पुण्याहून आले आणि शिफ्टभर एका स्टुलावर बसून राहिले. या खेपेला त्यांनी काही लिहून घेतलं नाही. पुढं त्यांनी दुसरं नाटक लिहिलं, त्यात कुणी मरत नव्हतं. ते टीव्हीवर आलं नाही. कंपनीच्या स्नेहसंमेलनात झालं, आणि त्यात पातं कसं धरायचं ते नटाला गेनूनं शिकवलं.

बाराव्या दिवशी मशीन चालू झालं. पहिला बेड उतरला तो गेनूनं आणि मारुतरावांनी दोन टोकांपासून तपासला आणि मधे येऊन दोघं थांबले. सपाट होता. साहेबांनी जीप काढायला सांगितली, पण मारुतराव म्हणाले, जाताना एसटी बरी, चाकणला थोडा बाजार करायचाय.

गेनू त्यांच्याबरोबर गेटपर्यंत गेला, मग तसाच पुढं भोसरीच्या स्टॉपपर्यंत. शिफ्ट सुटल्याची गर्दी होती. मारुतरावांच्या कपाळाला निळ्या रंगाचा एक डाग राहिला होता. गेनूनं तो सांगितला, त्यांनी बाहीनं पुसला, तो आणखी पसरला. एसटी आली. मारुतराव चढले, खिडकीजवळची जागा मिळाली.

"डाव्या पट्टीवर ध्यान ठेव," ते खिडकीतून म्हणाले. "पावसाळ्यानंतर एकदा रंग लावून बघ. खालचा पाया जरा बसंल."

"बघतो," गेनू म्हणाला. "तुमाला कळवतो."

गाडी चाकणच्या रस्त्याला लागली. गेनू सायकल घ्यायला कंपनीकडं वळला.